तोंडात धरलेली ओळ

मी चिमटा बोलतोय. थांबा, लगेच शेगडीकडे बघू नका. गरम भांडी उचलतो तो चिमटा वेगळा, तो आमच्यातला लोखंडी थोरला. मी दोरीवरचा. दोन लाकडी काड्या आणि मध्ये एक स्प्रिंग, एवढाच माझा देह. माणसं एकमेकांना बोलून चिमटे काढतात आणि नाव मात्र आमचं बदनाम होतं. वास्तविक धरून ठेवणं हे आमचं काम. ते मी कसं केलं, तेच सांगायला बसलोय. म्हणजे टांगलोय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण सुपरमार्केटमधल्या रॅकची. आमच्या पुड्यांखाली पिवळी पट्टी लावलेली होती, ‘दोन पुड्यांवर एक मोफत’. मी त्या मोफत पुड्यातला. फुकट आलेल्याला घरात मान कमी, असं म्हणतात. मला तसा अनुभव आला नाही. माझ्या पहिल्या मालकिणीने तिन्ही पुडे फोडले आणि एकेका चिमट्यावर नेलपॉलिशचा जांभळा ठिपका दिला. “हरवायचे नाहीत हं कुणी,” असं आम्हाला बजावलं.

ती त्याच सुपरमार्केटमध्ये बिलाच्या तीन नंबरच्या काउंटरवर बसायची. नोकरी नवी, भाड्याची खोली नवी, चिमटेही नवे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती रोज आपला निळा एप्रन वाळत घालायची आणि कपडे घालता घालता फोन खांद्याशी धरून आईशी बोलायची. मला दुसऱ्याचं ऐकायची खोड नाही हो. पण दोरीवर लटकलेल्याने कान झाकायचे तरी कशाने?

“अगं आई, जेवले मी. हो, गरमच. नाही गं, खोकला नाहीये आता.”

रोज हेच. खोकला नाहीये म्हणताना ती हमखास खोकायची.

एका दुपारी वारा सुटला. एप्रनची एक बाजू माझ्याकडे होती, दुसरी माझ्या भावाकडे. एप्रन फडफडला, मी जीव खाऊन धरलं, आणि शेवटी एप्रन राहिला, मीच उडालो. पडलो तो थेट खालच्या मजल्यावरच्या कुंडीत.

त्या गॅलरीत एक बाई उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. त्यांनी मला उचललं, माती झटकली, वर बघितलं आणि हाक मारली, “कुणाचा चिमटा पडला का?”

हाक मारली खरी, पण ज्या हाकेला उत्तर येऊ नये असं मनात असतं ना, तशी. कुजबुजल्यासारखी. मग दोन क्षण थांबून त्यांनी मला आत नेलं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या आत्या. भाच्याच्या घरी राहायच्या. भाचा सकाळी कामाला जायचा तो संध्याकाळीच उगवायचा, म्हणून घरात दिवसभर आत्या आणि त्याची बायको. तिला आत्या सूनबाई म्हणायच्या. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. छापायच्या आधीच्या कागदावरच्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. ते दोघींनी करायचं असतं म्हणे. एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट, आणि दुसरीने छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. आत्यांच्या समोर बसून वाचणाऱ्या बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, छापखाना बंद पडला, आणि आत्यांची लाल पेन्सिल तेवढी राहिली.

ती पेन्सिल आता सुपरमार्केटच्या बिलावर फिरायची.

आत्या आठवड्यातून दोनदा खरेदीला जायच्या, बुधवारी आणि शनिवारी. रॅकवरची किंमत तिथल्या तिथे एका चिठ्ठीवर टिपून घ्यायच्या. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवायच्या आणि बिल घेऊन खिडकीपाशी बसायच्या. मग सुरू.

“बिल क्रमांक चार शून्य सात एक. शनिवार. वेळ दहा वाजून पाच मिनिटं. काउंटर पाच. दूध, दोन, बरोबर. चहा, एक, बरोबर. टूथपेस्ट, एक... रॅकवर अठरा, बिलात एकवीस. चूक!”

तो ‘चूक’ शब्द उच्चारताना आत्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की काय सांगू! टूथपेस्टभोवती लाल गोल पडायचा. बाजूला समासात त्यांचं टपोरं अक्षर, ‘रॅकवर १८’.

“आत्या, बिल वाचताय की बातम्या देताय?” सूनबाई भाजी निवडता निवडता विचारायची. “तीनच तर जास्त लागले.”

“तीनाचा प्रश्न नाही गं. छापलेलं खोटं असू नये.”

“एवढ्यासाठी परत जाणार? चपला झिजतील त्याचं काय?”

“चपला माझ्या आहेत.”

बरोबर निघालेलं बिल रद्दीत जायचं. चुकीचं बिल दुकानात जाऊन, फरकाचे पैसे घेऊन, शिक्का मारून परत यायचं आणि माझ्या तोंडात बसायचं. खिडकीच्या चौकटीला एक खिळा होता, त्यावर आत्यांनी मला टांगलं होतं. नवीन बिल सगळ्यांच्या पुढे. जुनं पुन्हा कधी उलटून बघायचं नाही, कारण तपासलेलं प्रूफ परत वाचलं की डोळ्यांवरचा विश्वास उडतो, असं त्यांच्या छापखान्यात मानायचे.

वर्षभर मी तिथे होतो. जागा छान. सकाळचं ऊन थेट अंगावर, समोर ओटा, वर तिसऱ्या मजल्याची गॅलरी. म्हणजे वरच्या मालकिणीचं फोनवरचं बोलणं मला अजून ऐकू यायचं. माहेरचं ऐकल्यासारखं वाटायचं.

आणि म्हणूनच मला एक गोष्ट कळली, जी खाली कुणालाच ठाऊक नव्हती.

“आई, आमच्या मॅनेजरने आता नवी वही घातलीये,” ती एकदा सांगत होती. “किमतीत चूक निघून पैसे परत द्यावे लागले की काउंटरवर जी असेल तिच्या नावावर नोंद. अगं, किंमत मी कुठे ठरवते? मशीन म्हणतं ते मी घेते. पण नोंद माझीच. चार झाल्यात दोन महिन्यांत. पाचवी झाली की मागे शीतगृहात, गोठवलेल्या मालाची खोकी लावायला.” मग पलीकडून आई काहीतरी म्हणाली असावी. “नाही आई, तिथे माझी छाती नाही टिकणार. दम्याचं सांगितलं तर म्हणतील, मग घरीच बस. एक बाई आहे लाल पेन्सिलवाली. वाईट नाहीये गं. पण हल्ली दर शनिवारी येते आणि माझ्याकडेच येते.”

झालं! लाल पेन्सिल माझ्यापासून हातभर अंतरावर, आत्यांच्या कानामागे खोचलेली. आणि त्या चारही नोंदींची बिलं कुठे? माझ्या तोंडात. वर काउंटर तीन, खाली आत्या, आणि मध्ये मी. तोंड उघडावं तर बिलं पडतील, आणि उघडलं तरी मला आवाज कुठला?

तुम्ही म्हणाल, एकाच इमारतीत राहून ओळख नव्हती? जिना वेगळा होता, हे एक. ती सकाळी लवकर निघायची, हे दुसरं. पण खरं कारण तिसरंच. दुकानात आत्यांनी तिच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. नजर कायम कागदावर.

मग तो शनिवार आला. आत्या दुपारी खिडकीत बसल्या. सूनबाई ओट्यापाशी. आज सावज मोठं होतं. धुण्याच्या साबणावर ‘दोन घ्या, तिसरा मोफत’ अशी पट्टी होती आणि बिलात तिन्हींचे पैसे लावले होते.

“बिल क्रमांक सहा एक एक दोन,” आत्या रंगात आल्या होत्या. “शनिवार. दहा वाजून बारा मिनिटं. काउंटर तीन. साबण, तीन, सवलत... शून्य! चूक! मोठी चूक! परवा जाते आणि त्या काउंटर तीनची चांगली कानउघाडणी करते. पाचवी वेळ आहे ही.”

वरून पाण्याचे दोन थेंब पडले. ओला एप्रन झटकल्याचा आवाज आला. तिला आज अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. मग वरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

“अहो आत्या, ऐकता का? तो काउंटर तीन म्हणजे मी.”

आत्यांची पेन्सिल हातातून पडली. सूनबाईने नळ बंद केला.

“कोण बोलतंय?”

“मी. वरची. येऊ का खाली?”

ती आली. ओले हात एप्रनला पुसत दारात उभी राहिली. आत्यांनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदा तिचा चेहरा बघितला. बराच वेळ बघितला.

“तू? अगं, इथेच राहतेस? मग आधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी वर बघितलंच नाही, आत्या. बिल घेता, पेन्सिल काढता. मी दोनदा हसले पण तुमच्याकडे बघून.”

“बस आधी,” सूनबाई म्हणाली आणि चहाला आधण ठेवलं. या बाबतीत ती फार हुशार. कुठल्या वेळी प्रश्न विचारायचे आणि कुठल्या वेळी चहा टाकायचा, तिला बरोबर कळतं.

चहाबरोबर वही, चार नोंदी, शीतगृह, दमा, सगळं बाहेर आलं. आत्यांच्या कपावर साय धरली.

“सोडून द्या ना हे बिल,” सूनबाई म्हणाली. “तीन साबणांचे पैसे मी देते तुम्हाला.”

“चूक दिसली आणि सोडली, असं मी तीस वर्षांत केलं नाही,” आत्या म्हणाल्या. मग वरचीकडे बघून हळू आवाजात, “पण चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असंही कधी केलं नव्हतं. नकळत करत होते की गं मी.”

“तुमची काय चूक? बरोबरच बोलत होता तुम्ही.”

“अर्धं बरोबर म्हणजे चूकच.” आत्या उठल्या. “वर्षभराची बिलं आहेत माझ्याकडे. सगळ्या काउंटरची. त्या मॅनेजरला दाखवते की चुका सगळीकडे होतात, एकट्या तिच्याकडे नाही. काढ गं तो चिमटा.”

सूनबाईने मला खिळ्यावरून उतरवलं, माझ्या तोंडातली बिलं एकेक करून उचकून बघितली आणि ओरडली, “आत्या! ही तर कोरी आहेत!”

माझी जागा छान आहे, असं मगाशी म्हणालो ना? तिथेच घात झाला होता. प्रत्येक बिल दोन-तीन आठवडे सगळ्यांच्या पुढे लटकायचं, उन्हात, ओट्याच्या धगीत. किमती गेल्या, टूथपेस्ट गेली, दूध गेलं. पांढऱ्या पट्ट्यांवर आत्यांचे लाल गोल तेवढे उरले होते. रिकाम्या जागेभोवती काढलेले गोल!

“ही शाई नसते हो,” वरची म्हणाली. “मशीनमध्ये कागद नुसता तापतो, म्हणून अक्षरं उमटतात. उन्हात ठेवलं की उडतात.”

“तापवल्याने उमटतात?” सूनबाईचे डोळे चमकले. “मग परत तापवू की!”

कुणी हो म्हणायच्या आत तिने इस्त्री लावली आणि पुढचं एक बिल खसकन ओढलं. मी सवयीने घट्ट धरलेलं. बिल फाटलं. वरचा तुकडा माझ्या तोंडात राहिला, बाकीचं तिच्या हातात. त्यावर तिने इस्त्री फिरवली, आणि बघता बघता अख्खा कागद काळाकुट्ट झाला. आत्यांचा लाल गोलसुद्धा त्यात बुडाला.

“उमटलं,” आत्या म्हणाल्या. “भरपूर उमटलं.”

सूनबाई रडकुंडीला आली. वरची हसावं की रडावं अशी. तिने आपला कप उचलला आणि म्हणाली, “जाऊ द्या, आत्या. शीतगृहात स्वेटर घालून जाईन मी.” असं म्हणताना खोकली.

तो खोकला ऐकून आत्यांनी मला हातात घेतलं. “तो तुकडा तरी बघू दे,” म्हणत माझ्या दोन्ही काड्या दाबल्या. वर्षभरात पहिल्यांदा माझं तोंड पूर्ण उघडलं. सगळी बिलं ओट्यावर पसरली.

आणि त्या प्रत्येक बिलाच्या माथ्यावर, जिथे माझा जबडा होता तिथे, बोटभर जागा काळी, ठसठशीत होती. तिथे ऊन पोचलंच नव्हतं. मी पोचू दिलं नव्हतं. सगळ्यात वरची ओळ, आत्या मोठ्याने वाचतात तीच: बिल क्रमांक, वार, वेळ, काउंटर.

आत्यांनी चष्मा नाकावर ओढला. “तू वाच,” त्या वरचीला म्हणाल्या, आणि लाल पेन्सिल हातात घेतली. “सावकाश. सगळं वाचायचं.”

“चार शून्य सात एक. शनिवार. दहा पाच. काउंटर पाच.”

“पुढे.”

“चार तीन तीन शून्य. शनिवार. साडेनऊ. काउंटर दोन. हे... शनिवार, दहा चाळीस, काउंटर एक. शनिवार, नऊ पन्नास, काउंटर पाच. शनिवार...” तिने बाकीची बिलं भराभर चाळली. “आत्या, सगळे शनिवारच आहेत.”

“आणि सगळे अकराच्या आत,” आत्या म्हणाल्या. “बुधवारी मी तितकीच खरेदी करते. बुधवारचं एकही बिल नाही इथे.” पेन्सिल ओट्यावर टकटक वाजायला लागली. “एकेक अक्षर बघत बसले मी वर्षभर. बाकी सगळं उडालं तेव्हा कुठे ही ओळ दिसली.”

वरचीने कपाळाला हात लावला. “ऑफरच्या पट्ट्या शुक्रवारी संध्याकाळी लागतात. शनिवारी सकाळी दुकान उघडतं. पण मशीनमध्ये...”

सोमवारी मी आत्यांच्या पिशवीतून दुकानात गेलो. माझं जन्मगाव म्हणा ना! आमच्या रॅकवर नवे चिमटे होते, आता प्लास्टिकचे, रंगीबेरंगी. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीही नाही.

मॅनेजर तरुण होता. आधी म्हणाला, “बाई, कोरे कागद आहेत हे.”

“माथा बघा. नंबर आहेत. घाला तुमच्या मशीनमध्ये.”

त्याने एक नंबर घातला. बिल पडद्यावर आलं. दुसरा घातला. पाचव्या नंबरला तो खुर्चीत सरळ बसला. मग त्याने फोन करून कुणाला तरी विचारलं, “ऑफर सिस्टीममध्ये किती वाजता टाकता तुम्ही? शनिवारी अकरा? आणि पट्ट्या शुक्रवारी लावायला कुणी सांगितलं?” पलीकडून उत्तर आलं असावं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. “मी? बरं. बरं. मीच.”

वही त्याच्या टेबलावरच होती. आत्यांनी पेन्सिल पुढे केली. “काउंटर तीनच्या चार नोंदी खोडा. प्रुफात खोडायची खूण असते एक, दाखवू?”

“मी खोडतो, मी खोडतो.”

“आणि पाचवी कुणाच्या नावावर घालायची, ते आता तुम्हीच ठरवा.”

तो हसला. बरा होता तसा. नोंदी खोडल्या, तीन साबणांतल्या एकाचे पैसे परत दिले, आणि पुढच्या आठवड्यापासून पट्ट्या शनिवारी मशीनबरोबरच लागतील असं म्हणाला. काउंटर तीनपाशी आत्या थांबल्या. काही घेतलं नव्हतं, बिल नव्हतं. नुसत्या बघून हसल्या. ती पण हसली. मागच्या रांगेतल्या माणसाने घसा खाकरला तेव्हा कुठे निघाल्या.

त्या संध्याकाळी वरची खाली आली, पेढ्यांऐवजी साबणाची वडी घेऊन. मी ओट्यावर पडलो होतो. तिने मला सहज उचललं, उलटं केलं आणि थबकली.

“आत्या, एक चूक तुमच्याकडे पण आहे हं.”

“माझ्याकडे? दाखव.”

तिने माझ्या पाठीवरचा जांभळा ठिपका दाखवला. “हा माझा चिमटा.”

सूनबाईला हसू आवरेना. “तीनासाठी चपला झिजवणाऱ्या बाई, आणि वर्षभर दुसऱ्याचा चिमटा वापरतायत!”

आत्या लाजल्या. खरंच लाजल्या, कानापर्यंत. “मी हाक मारली होती,” एवढंच म्हणाल्या. मग पेन्सिल घेतली, कॅलेंडरच्या समासात लिहिलं, ‘चिमटा, एक. परत.’ आणि मला वरचीच्या हातावर ठेवलं. तिने मला खाली ठेवलं. आत्यांनी उचलून पुन्हा दिलं. तिने पुन्हा ठेवलं. असं बराच वेळ चाललं. माझ्यासाठी एवढी ओढाताण कधी झाली नव्हती. मी तर मोफत पुड्यातला!

शेवटी तोडगा सूनबाईने काढला. तिने एक सुतळी आणली.

तेव्हापासून मी ना वरचा, ना खालचा. माझ्या स्प्रिंगमध्ये सुतळी आहे आणि सुतळीचं टोक तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला. शुक्रवारी संध्याकाळी वरची नव्या ऑफरची यादी माझ्या तोंडात देते आणि मला खाली सोडते. शनिवारी संध्याकाळी मी बिल घेऊन वर जातो आणि दोघी ते तपासतात. वरून ती बिल वाचते, खाली आत्या यादीवर पेन्सिल फिरवतात. “साखर, एक, पूर्णविराम,” असं ती आता शिकलीये. चूक क्वचितच निघते. त्याचं आत्यांना थोडं वाईट वाटतं, पण त्या तसं बोलत नाहीत.

माझी स्प्रिंग आता सैल झालीये. जाड टॉवेल मला झेपायचा नाही. कागद मात्र अजून धरतो. तुमच्याही घरात एखादं बिल पडलं असेल, तर बाबांनो, तपासा जरूर. उन्हात ठेवू नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. आणि बिल हातात घेण्याआधी, ते देणारीकडे एकदा बघा. तेवढं झालं की माझं काम संपलं.

चला, सुतळी हलली. वरून ती ओढतेय. येतो.